पंचमीचा डाव

“मंजूचा दिवा लागला का वो?” स्वयंपाकघरातून बसम्मानं विचारलं.

“न्हाई अजून. त्यांचा लागलाय.”

“त्यांचा घेऊन काय करू मी,” असं ती बोलून गेली आणि लगेच तिनं तोंडावर पदर धरला. जावयाबद्दल असं बोलू नये, तेही श्रावणात, हे तिला तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शिकवलं होतं. कढईत ज्वारीच्या लाह्या तडतडत होत्या. पंचमी उद्यावर आली होती. पंचमीच्या दिवशी चुलीवर काही भाजायचं नसतं, म्हणून आजच सगळं उरकायचं होतं.

बैठकीत वीरण्णा कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते. लातूरच्या गंजगोलाईजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि बिलं काढायचा हा जुना कॉम्प्युटर तेवढा घरी आणला. दसऱ्याला पूजेत त्याच्या कपाळावर ओढलेली भस्माची तीन बोटं अजून तशीच होती. नुकती पूजा आटोपून बसल्यामुळे वीरण्णांच्याही कपाळावर तीच तीन बोटं होती. दोघं एकमेकांसमोर बसले की एका घरातले वाटत.

खेळ तसा सोपा. पडद्यावर चौकोनांचा पट येतो. प्रत्येकाला पिशवीतून अक्षरांचे सात ठोकळे मिळतात, ते दुसऱ्याला दिसत नाहीत. काना-मात्रा आपल्याला हवी ती लावायची आणि आधीच्या शब्दाला चिकटून आपला शब्द मांडायचा. ढ, ळ, झ असल्या अडेलतट्टू अक्षरांना गुण जास्त. लाल घरात अक्षर पडलं तर अख्ख्या शब्दाचे गुण तिप्पट. काहीच जमलं नाही तर ‘पास’चं बटण दाबून गप्प बसायचं. चौघं चार गावांत बसून एक डाव खेळू शकतात. उजवीकडे सगळ्यांची नावं असतात, आणि जो येऊन बसला त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागतो. खाली गप्पा लिहायला एक पट्टी असते.

बसम्माला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दिव्याचं बरोबर कळत होतं. आपली लेक तिकडे नांदेडात धड आहे आणि आत्ता अप्पासमोर येऊन बसली आहे, एवढा तिच्या लेखी त्या दिव्याचा अर्थ होता. फोनवर मंजू ‘बरी हाय, जेवले’ यापलीकडे बोलत नव्हती, कारण फोन कायम स्पीकरवर असायचा.

“लागला,” वीरण्णा म्हणाले.

बसम्मा झारा हातात घेऊनच दाराशी आली. पडद्यावर मंजुश्री या नावापुढे हिरवा ठिपका होता. तिनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि परत लाह्यांकडे गेली.

या सगळ्याची सुरुवात उन्हाळ्यात धोंड्याच्या महिन्यात झाली. मंजूचं लग्न माघात झालेलं, म्हणजे जावयाचं हे पहिलंच धोंड्याचं जेवण. वीरण्णांनी हात आखडता घेतला नव्हता. पुरणाचे धोंडे, ताटाभोवती रांगोळी, वाण म्हणून चांदीचा दिवा, भारी कपडे, चार पाहुणे. शिवप्रसाद नांदेडच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. दिसायला देखणा, बोलायला मऊ. सासू-सासऱ्यांना मामा-मामी म्हणताना मान लववायचा. जेवणानंतर पाहुणे पानसुपारीला बसले तेव्हा त्यानं आपणहून हा खेळ काढला. स्वतःच्या लॅपटॉपवर तो, मोबाइलवर मंजू, आणि वीरण्णांना त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवलं. “या मामा, तुम्हाला शिकवतो,” असं म्हणून त्यानं खरंच फार छान शिकवलं, हे कबूल करायला हवं.

आणि वीरण्णा जिंकले. त्यात कसली हुशारी नव्हती. शिवप्रसाद मोठ्या शब्दाच्या नादात भारी अक्षरं हातात धरून बसला, वीरण्णांची शेवटची दोन अक्षरं सहज खपली, आणि ज्याची अक्षरं आधी संपतात त्याला दुसऱ्याच्या हातातल्या अक्षरांचे गुण मिळतात. कॉम्प्युटरनं टाळ्या वाजवल्या, पडद्यावर रंगीत कागद उधळले. वीरण्णांना काय झालं कोण जाणे. जन्मभर गल्ल्यावर तोलूनमापून बोललेला माणूस, पण त्या क्षणी त्यांना पोरासारखा आनंद झाला आणि पाहुण्यांदेखत ते बोलून गेले, “काय सर, आता फेरपरीक्षा कधी ठिवायची तुमची?”

पाहुणे खो खो हसले. सगळ्यात जास्त वेळ शिवप्रसाद हसला. हसता हसता त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “छान खेळलात मामा.” दोन दिवस राहायचा बेत होता. चहा टाकेपर्यंत त्याला क्लासचं तातडीचं काम निघालं. मंजूनं बॅग उघडलीही नव्हती, ती तशीच गाडीत गेली. दोघं गेल्यावर बसम्माला टीपॉयवर चांदीचा दिवा दिसला. धोंड्याचं वाण कुणी विसरत नसतं. ते मुद्दाम ठेवून जातात.

वीरण्णांनी माफी मागायला फोन केला, तर शिवप्रसाद म्हणाला, “अहो मामा, खेळ आहे तो! उलट मला मजा आली. आता दर रविवारी सकाळी खेळत जाऊ आपण तिघं.” किती मोकळ्या मनाचा माणूस, असं वीरण्णांना वाटलं. पुढं मंजूनं एकदा शेजारणीच्या फोनवरून लपून फोन केला, तेव्हा त्या मोकळ्या मनाचा तळ त्यांना दिसला.

“अप्पा, रोज संध्याकाळी खेळायला बसवतेत मला,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मी जिंकले तर ताटाला हात लावत न्हाईत. भांडत न्हाईत, ओरडत न्हाईत, नुसतं ताट सरकवतेत. मग मला बी खाता येत न्हाई. आणि हरले तर म्हणतेत, मुद्दाम हरलीस, बापाकडून शिकलीस का उपकार करायला? मग सगळी अक्षरं परत मांडायला लावतेत, कुठं काय मांडता आलं असतं ते बोलून दाखवायचं.”

‘परत ये’ हे शब्द वीरण्णांच्या तोंडून निघाले नाहीत. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, लोक काय म्हणतील याची यादी त्यांना तोंडपाठ होती. मग त्यांनी तिला तेच दिलं जे त्यांच्याजवळ भरपूर होतं, म्हणजे दुकानदारी.

“ऐक मंजू. गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय ना, तवा आपण लगेच देत न्हाई. थोडं ताणायचं, तोंड वाईट करायचं, मग द्यायचं. त्याला वाटलं पायजे की त्यानंच पाडला भाव. तसंच हरायचं. जिंकायचं न्हाई, पण मुद्दाम हरलो हे कळू बी द्यायचं न्हाई. नवं नवं हाय, बस्तान बसू दे. सगळं ठीक होतंय.”

“हाव अप्पा,” मंजू म्हणाली. लहानपणी पाढे पाठ झाल्यावर म्हणायची तसंच.

फोन ठेवल्यावर आपण लेकीला मोठी शहाणपणाची गोष्ट सांगितली असं वीरण्णांना वाटलं, आणि त्यांनी ती बसम्मालाही सांगितली. जन्मभर बसम्मा तसंच हरत आली होती आणि वीरण्णांना ते आजवर कळलं नव्हतं, म्हणजे तिनं काम चोख केलं होतं.

मग रविवारमागून रविवार वीरण्णाही हरत गेले. सुरुवातीला चांगली लढत द्यायची, मध्ये एखादा शब्द मुद्दाम कमी गुणांच्या जागी टाकायचा, शेवटी ‘अरेरे’ लिहायचं. जावई खूश व्हायचा, खाली लिहायचा, ‘मामा, थोडक्यात गेलं तुमचं.’ मंजूचे शब्द लहान होत चालले होते. दोन अक्षरं, कधी तीन. गप्पांच्या पट्टीत ती काही लिहीत नसे.

पंचमी जवळ आली. लग्नानंतरची पहिली पंचमी लेकीनं माहेरी करायची, ही रीत मोडायची हिंमत वैऱ्यालाही होत नाही. मंजूला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी होऊन तिला आणायला वीरण्णा स्वतःच जाणार होते. त्यांनी फोन लावला, आवाजात मध घालून विचारलं.

“अहो मामा, मी कोण अडवणारा?” शिवप्रसाद गोड हसला. “पण असं करू. रविवारचा डाव आहेच. जिंका आणि न्या. हरलात तर पुढच्या वर्षी. आणि बरं का मामा, दर वेळी मुद्दाम हरता तसं या वेळी करू नका. मला कळतं.”

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. इतके रविवार तो त्यांना हरताना बघत होता आणि त्यातच त्याची मजा होती.

बसम्माला वीरण्णांनी पैजेचं सांगितलं नाही. ती बापडी तयारीला लागली. शनिवारी फरीदाभाभी बांगड्यांची पेटी घेऊन आली. या गल्लीतल्या सगळ्या पोरींची मनगटं तिच्या हाताखालून गेलेली. बसम्मा माप सांगायला लागली तर ती म्हणाली, “नक्को बताओ अम्मा, मंजू का नाप मेरे कू मालूम है. पहली पंचमी है, हरी भर दूँगी. कब आ रही?”

“उद्या हे जायलेत आणायला,” बसम्मानं सांगून टाकलं.

हिरव्या बांगड्यांचा जोड दोऱ्यात ओवून खुंटीला लागला. गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबाला पोरांनी झोकाही बांधला. वीरण्णांनी ते सगळं पाहिलं, आणि एस. टी.च्या स्टँडवर जायचे कपडे खुर्चीवर काढून ठेवून ते रविवारी सकाळी डावाला बसले.

या खेपेला ते जीव तोडून खेळले. प्रत्येक अक्षर उलटसुलट करून पाहिलं. सुरुवातीला लाल घर त्यांनीच मारलं. शिवप्रसाद खाली लिहीत होता, ‘वा मामा’, ‘आज रंगात’, ‘मंजू बघ, तुझे वडील कसे खेळतात.’ वीरण्णा उत्तर देत नव्हते. घाईत कॉम्प्युटरचा उंदीर नको त्या घरात जात होता. मध्येच बसम्मानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

पिशवी रिकामी झाली. पट गच्च भरला होता. शिवप्रसाद थोड्या गुणांनी पुढं होता, पण त्याच्या हातात काहीतरी अवघड अडकलं असावं, कारण त्यानं पास केलं. वीरण्णांकडे दोनच अक्षरं राहिली होती, ज आणि न. त्यांनी अख्खा पट डोळ्यांखालून घातला आणि त्यांना ते दिसलं. अगदी तळाच्या ओळीत कुणाच्या तरी ‘गाव’मधला व उभा होता. त्याच्यापुढे दोन घरं मोकळी, त्यातलं कोपऱ्यातलं लाल. वजन. आयुष्यभर तराजूवर भांडी तोलली, तो शब्द समोर येऊन बसला होता. गुण तिप्पट, वर अक्षरं संपल्याचं बक्षीस. शिवप्रसाद मागे पडत होता, चांगलाच मागे पडत होता.

“बसम्मा, माझा डबा भर,” त्यांनी आत ओरडून सांगितलं. “दुपारच्या गाडीनं निघतो. रात्रीपर्यंत पोरीला घेऊन येतो.”

“लाह्या बी बांधते थोड्या, गाडीत खाईल ती,” आतून आवाज आला. डब्यांची झाकणं वाजायला लागली.

मधे फक्त मंजूची पाळी होती. तिच्याकडेही दोन-तीन अक्षरं असतील. पटावर वरच्या बाजूला तिच्यासाठी मोकळ्या जागा होत्या, वीरण्णांना त्या इथून दिसत होत्या. पाळी आली म्हणून तिचं नाव पिवळं झालं होतं आणि बराच वेळ पिवळंच राहिलं. वीरण्णा पडद्याला तोंड लावून बसले. मांड बाई, वर कुठंही मांड, असं ते मनात म्हणत होते.

मंजूचा ठोकळा सरकला. तो वर गेला नाही. सरळ खाली आला, तळाच्या ओळीत, त्या ‘व’च्या शेजारी. ड. ‘वड.’ दोन अक्षरांचा शब्द, नावाला गुण.

वीरण्णांना आधी वाटलं आपल्याला चुकीचं दिसतंय. त्यांनी चष्मा पुसला. ‘वड’ तिथेच होता. कोपऱ्यातलं लाल घर एकटं उरलं होतं, त्यात ज बसत नव्हता आणि न बसत नव्हता. त्यांनी बाकीचा पट पुन्हा पुन्हा पाहिला. कुठंच काही बसत नव्हतं. शेवटी त्यांनी पासचं बटण दाबलं. मग शिवप्रसादनं दाबलं, मग मंजूनं. सगळ्यांनी पास केलं की डाव मिटतो आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. कॉम्प्युटरनं शिवप्रसादच्या नावानं टाळ्या वाजवल्या.

‘अरेरे मामा,’ खाली अक्षरं उमटली. ‘तुमच्याच लेकीनं पाडलं की तुम्हाला.’

वीरण्णा भडकले. यानंच केलं असणार. तिच्या हातातून मोबाइल घेऊन यानंच तो ड तिथे सरकवला असणार. असला माणूस! त्यांनी फोन उचलला, काय बोलायचं हे न ठरवताच लावला. फोन शिवप्रसादनं घेतला आणि हसतच म्हणाला, “थांबा, तिच्याकडेच देतो. मी तर तिकडे बघतसुद्धा नव्हतो, मला वाटलं गेला डाव. तुम्हीच विचारा तिला. आणि निवांत बोला, मी खाली दूध आणायला चाललोय. स्पीकरसुद्धा बंद करतो, बघा.”

दार लागल्याचा आवाज आला. शेजारणीच्या त्या फोननंतर पहिल्यांदाच बापलेक एकटे होते.

“मंजू, त्यांनी मांडायला लावलं का तुला?”

“न्हाई अप्पा.”

“मग तुला दिसलं न्हाई व्हय? माझा शब्द बसत होता तिथं. जिंकलो असतो मी. तुला न्यायला यायलो होतो, बाई. वर एवढी जागा होती, तिथं कामून मांडलं न्हाईस?”

“दिसलं होतं,” मंजू म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रडणं असतं तर बरं झालं असतं. “तुमच्याकडं काय हाय ते बी ओळखलं होतं. दोन दिवस आले असते अप्पा, झोक्यावर बसले असते. मग तुम्हीच इथं आणून सोडलं असतं मला. त्यांना हरवून आलेली म्हणून.”

वीरण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्हीच सांगितलं होतं की,” ती समजावून सांगावं तसं म्हणाली. “जिंकायचं न्हाई. आज जेवतील ते पोटभर. मी बी जेवीन.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “कळू दिलं न्हाई ना मी? लई वेळ घेतला न मांडायला. ताणल्यासारखं केलं.”

“न्हाई,” वीरण्णा म्हणाले. “कुणाला कळणार न्हाई.”

“अव्वाला सांगा, पुढच्या पंचमीला येते.” तिनं फोन ठेवला.

बसम्मा दारात उभी होती. एका हातात बांधलेला डबा, दुसऱ्या हातात लाह्यांची पिशवी. खुर्चीवरच्या कपड्यांकडे तिनं पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. डबा टीपॉयवर ठेवला, खुर्चीवरचा सदरा उचलून घडी घातला, आणि खुंटीवरच्या बांगड्या काढून कपाटात ठेवायला गेली. जाताना त्या किणकिणू नयेत म्हणून तिनं मुठीत घट्ट धरल्या होत्या.

“दिवा हाय का अजून?” तिनं आतूनच विचारलं.

वीरण्णांनी पडद्याकडे पाहिलं. रंगीत कागद उधळून संपले होते. मधोमध प्रश्न आला होता, ‘पुन्हा खेळायचं?’, आणि त्याखाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं. शिवप्रसाद दूध घेऊन आला असावा. उजवीकडे त्याच्या नावापुढे हिरवा दिवा होता, आणि त्याच्या खाली मंजूच्या नावापुढे. दोघांचंही ‘हो’ येऊन पडलं होतं. नाही म्हटलं तर दोन्ही दिवे विझणार होते, पुढच्या रविवारपर्यंत.

“हाय,” वीरण्णा म्हणाले, आणि त्यांनी ‘हो’ दाबलं.